तबकडी, सुई आणि पाठ : उच्च श्रेणीच्या श्रवणसाधनांचा तुलनात्मक विचार

विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचे दोन पाठ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहेत. १८५७ च्या धामधुमीत झाशीत सापडलेल्या या वरसईकर भिक्षुकाचा वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. तो करताना भाषेत आणि मजकुरात त्यांनी फेरफारही केले. मूळ हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती वाचकांच्या हाती येण्यास १९६६ साल उजाडावे लागले. ती दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्तीही त्याच वर्षी पूर्णत्वास गेली. दोन्ही कार्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता : आपल्यापर्यंत जे पोचले आहे, त्यात मूळ कर्त्याचे किती आणि मधल्या हातांचे किती? प्रस्तुत निबंधात हाच प्रश्न ध्वनिमुद्रिकेला विचारावयाचा आहे.

ध्वनिमुद्रिका ही संहिता मानली, तर ती डोळ्यांनी वाचता येत नाही हे तिचे वैशिष्ट्य ठरते. तिला वाचक लागतो आणि तो वाचक यंत्र असतो. फिरते तबक, भुजा, कार्ट्रिज आणि सुई यांची निवड रसिकांच्या चैनीचा विषय समजली जाते. वस्तुतः ती संपादकीय कृती आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ध्वनिमुद्रणासाठी आला आणि गौहर जान हिचा आवाज तबकडीवर उमटला. १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्याजवळ सियालदह येथे सुरू झाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावे. 'वन्स मोअर'च्या गजरात रंगभूमीवर लांबत जाणारे नाट्यपद या मर्यादेत बसवताना आलाप आटले, पुनरावृत्ती गळाली आणि मुखड्याला नवे महत्त्व आले. हा पहिला पाठभेद गायकाने स्वतःच केलेला आहे. त्यापुढील पाठभेद यंत्राचे आहेत.

येथे भास्करबुवा बखले यांचे उदाहरण उद्बोधक ठरते. १९१६ च्या 'संगीत स्वयंवर'च्या चाली त्यांच्या. १९२२ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या स्वतःच्या गळ्याचे मुद्रण मात्र उपलब्ध नाही. त्यांच्या सांगीतिक विचाराचा श्राव्य पुरावा शिष्यांच्या, विशेषतः बालगंधर्वांच्या, तबकड्यांतूनच शोधावा लागतो. गुरूची पोथी हरपली आणि शिष्याची प्रत तेवढी उरली, अशी ही स्थिती आहे. अशा वेळी ती प्रत कशी वाचली जाते, यावर एका संपूर्ण परंपरेचे आकलन अवलंबून राहते.

प्रथम वेगाचा विचार करू. 'अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी' हे नाव नंतर रूढ झाले. आरंभीच्या मुद्रणांचे प्रत्यक्ष वेग त्याच्या बरेच खाली-वर असत. समजा, एखादे पद मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित झाले आणि आज ते ७८ फेऱ्यांनी वाजवले. स्वर जवळजवळ एका पट्टीने चढतो; काळी एकमध्ये गायिलेले पद पांढरी दोनमध्ये ऐकू येते. १९० सेकंदांचे गायन १८० सेकंदांत संपते. लय चढते, तान अधिक चपळ भासते, आवाजाचा पोत पातळ होतो. मग आपण 'गंधर्वशैलीची चपळता' म्हणून जिचे वर्णन करतो, ती गळ्याची की मोटारीची? साथीच्या ऑर्गनची पट्टी हा येथे अंतर्गत पुरावा होय. ऑर्गनचे सूर ठरलेले असल्याने संभाव्य वेगांची संख्या मर्यादित होते. तरीही तो कोणत्या मूळ स्वराला जुळवलेला होता हा प्रश्न उरतो, आणि संपादकाला निर्णय घ्यावाच लागतो.

या कसोटीवर नामांकित यंत्रांची तुलना केली, तर बाजारातील क्रमवारी बदलते. १९५० च्या दशकातील इंग्लंडचे गॅरार्ड ३०१ आणि स्वित्झर्लंडचे थोरेन्स टीडी १२४ या दोन्ही यंत्रांत रबरी चाकाच्या घर्षणाने तबक फिरते. मोटारीची घरघर सुईपर्यंत पोचण्याचा धोका त्यांत असतो; परंतु दोन्हींत अठ्ठ्याहत्तरचा वेग आहे आणि तो थोडा कमी-अधिक करण्याची सोयही आहे. १९७० च्या दशकारंभी आलेले स्कॉटलंडचे लिन सोंडेक एलपी १२ पट्ट्यावर चालते. पट्टा मोटारीची थरथर शोषून घेतो, म्हणून त्याच्या शांत पार्श्वभूमीची रसिकांनी मुक्तकंठाने स्तुती केली. पण मूळ रूपात ते मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक-तृतीयांश फेरे एवढाच वेग जाणत होते. १९४८ नंतरच्या दीर्घ तबकडीचा हा उत्तम वाचक बालगंधर्वांपुढे निरक्षर ठरतो. जपानच्या टेक्निक्स कंपनीने १९७० मध्ये एसपी १० आणले; त्यात तबक थेट मोटारीच्या आसावर बसते आणि वेगाची स्थिरता हा त्याचा प्रमुख गुण होय.

सुईच्या बाबतीत भेद अधिक सूक्ष्म आहे. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागे. साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर जाई. वाचनाने संहिता झिजत होती. आजच्या कार्ट्रिजचा भार बहुधा दोन ग्रॅमच्या आसपास असतो. जुन्या रुंद चरीस सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. दीर्घ तबकडीस १८ ते २५ मायक्रॉन पुरते. बारीक सुई जुन्या चरीत टाकली, तर ती भिंतींना न टेकता तळाशी घसरते आणि मुख्यतः धूळ व खरखर वाचते. उलटपक्षी, योग्य जाडीची सुई निवडल्यास पोलादाने न झिजवलेला भिंतीचा थर तिला सापडू शकतो. खोडलेल्या अक्षराच्या कडेला टिकलेली शाई वाचावी, तसेच हे काम आहे.

कार्ट्रिजचे दोन प्रमुख प्रकार येथे लक्षात घ्यावेत. एकात सुईबरोबर चुंबक हलतो, दुसऱ्यात तारेचे वेटोळे. वेटोळ्याचे कार्ट्रिज फार क्षीण, मिलिव्होल्टच्या अंशाएवढा विद्युत्दाब देते. त्यास अधिक वर्धन लागते. हलत्या भागाचे वजन कमी ठेवता येत असल्याने त्याचा तपशील श्रेष्ठ मानला जातो. मात्र त्याची सुई सहसा घरच्या घरी बदलता येत नाही. चुंबकाच्या कार्ट्रिजमध्ये ती क्षणात बदलते. म्हणून एकाच पद्यासाठी चार सुया पडताळून पाहणाऱ्या संशोधकास साधे, स्वस्त चुंबकी कार्ट्रिज अधिक उपकारक ठरते. किंमत आणि प्रामाण्य यांचा येथे संबंध नाही. संहिता कोणती, यावर वाचक ठरतो.

झाशीतील इलाइट चौराह्याचे नाव घेताना त्या शब्दाचा 'निवडक' हा अर्थ कोणाच्या मनात येत नाही. शब्द वर्गाचा, चौक मात्र सर्वांचा. श्रवणसाधनांचा इतिहास नेमका उलट दिशेने गेला. मध्यमवर्गीय घरांतील रेकॉर्डप्लेअर अडगळीत गेला आणि तबकडी ऐकणे हा निवडकांचा छंद झाला. या छंदाची सूत्रे काही अंशी महाराष्ट्रात आली, हेही नोंदवले पाहिजे. स्टेनिंग येथे १९४६ मध्ये स्थापन झालेली, भुजेसाठी ख्यातनाम असलेली एसएमई कंपनी २०१६ मध्ये पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाकडे आली. पुढे गॅरार्ड हे नावही त्याच समूहाने घेतले. दुसऱ्या बाजूस, १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने खर्चिक यंत्रांपेक्षा तबकड्यांची नोंद आणि जतन यांना महत्त्व दिले. एका बाजूस उत्तम वाचक, दुसऱ्या बाजूस दुर्मीळ पोथ्या. दोहोंची गाठ अद्याप पुरेशी पडलेली नाही.

ती गाठ कशी असावी, याचे एक उदाहरण आपल्या परंपरेतूनच देता येते. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतील सुवर्ण तबकडीवर अंतराळात गेली. त्या तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई पाठवली आहे. वेष्टनावर सुई कोठे ठेवावी आणि तबकडी कोणत्या वेगाने फिरवावी, हे चित्रांनी कोरले असून एका फेऱ्याचा काळ हायड्रोजन अणूशी निगडित एककात सांगितला आहे. अज्ञात श्रोत्यासाठी एवढी संपादकीय दक्षता घेतली गेली. पृथ्वीवरील मराठी श्रोत्याला मात्र जुन्या पदांची जी अंकीय रूपे मिळतात, त्यांतील बहुतेकांवर वेग, सुईची जाडी, कार्ट्रिज वा स्वरसमतोल यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो.

नव्या पिढीचे गायक आणि अभ्यासक याच निनावी प्रतींवरून गायकी शिकत आहेत, शैलीविषयी निष्कर्ष काढत आहेत. म्हणून प्रत्येक रूपांतरासोबत या चार बाबींची नोंद देणे, हे ध्वनिसंहितेच्या संपादनाचे किमान पथ्य मानावे. 'माझा प्रवास'च्या दुसऱ्या पाठासाठी मराठी वाचकाला एकोणसाठ वर्षे थांबावे लागले. पण तेथे हस्तलिखित सुरक्षित होते. लाखेची तबकडी ठिसूळ आहे, आणि ती फुटल्यावर कोणाच्याही पाठाची शहानिशा करता येणार नाही.