मुके विमान, बोलके विमान

राजारामपुरीत राहणाऱ्याला विमानतळ परका नाही. आमच्या वसाहतीला आणि उजळाईवाडीच्या विमानतळाला नाव एकाच राजाचे : छत्रपती राजाराम महाराज. संस्थानकाळात, १९३९ साली, हा विमानतळ त्यांनीच उभारला. गेल्या पावसाळ्यात मी घरी बसून फोनवर एका विमानाचा पिवळा ठिपका पाहत होतो. त्यात माझी मुलगी होती. ढग खाली उतरलेले. ठिपक्याने दोन घिरट्या घातल्या आणि तो परत फिरला. विमान वळवल्याचा कंपनीचा संदेश त्यानंतर चाळीस मिनिटांनी आला. कंपनीच्या आधी मला कसे कळले, या प्रश्नातून हे टिपण सुरू झाले.

विमानाचा इतिहास आपण यंत्रांचा म्हणून सांगतो. मला तो निरोपांचा वाटतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलेल्या पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या होत्या, पण रेडिओ नव्हता. जगाची पत्रे वाहणारे ते विमान स्वतः मुके होते.

पुढे रेडिओ आला, तरी ऐकण्यात चूक होतच राहिली. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली; ३४९ माणसे गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते, आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती. उंची कळायची ती वैमानिक तोंडी सांगेल तेवढीच. या अपघातानंतर भारताने विमानांत टक्करप्रतिबंधक यंत्रणा सक्तीची केली. दोन विमाने माणसांना मध्ये न घेता आपसात बोलून ठरवतात : तू वर जा, मी खाली जातो. जोडलेल्या तंत्रज्ञानाची आपल्याकडची खरी सुरुवात मी इथे धरतो. ती अशी राखेतून व्हावी, हे खेदाचे.

आजचे विमान सेकंदागणिक आपली जागा, उंची आणि वेग रेडिओलहरींवर जाहीर करते. जमिनीवरचा साधा ग्राहकही ते टिपू शकतो; माझा ठिपका तिथून आला. इंजिनाची प्रकृती विमान उतरण्याआधीच दुरुस्ती विभागाला कळते.

कोल्हापूरसारख्या गावासाठी मात्र याहून मोलाचे आहे ते 'गगन'. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांची ही यंत्रणा. उपग्रहाकडून येणाऱ्या स्थानात वातावरणाच्या वरच्या थरामुळे काही मीटरची चूक होते, आणि विषुववृत्तालगतच्या आपल्या आकाशात तो थर फार चंचल. देशभरातील १५ केंद्रे ही चूक मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहामार्फत विमानाला पोचते. मग धावपट्टीपाशी महागडी उपकरणे न बसवताही विमानाला उतरण्याची उंची नेमकी कळते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला, म्हणजे एका लहान विमानतळावरच, इंडिगोचे एटीआर विमान असे उतरले. अर्थात विमानात तसा ग्राहक हवा, त्या विमानतळासाठी तसा मार्ग आखलेला हवा, वैमानिक शिकलेला हवा. उपग्रह वर आहे एवढ्याने खालचे ढग हटत नाहीत.

आणि सगळे एकमेकांना जोडले की बिघाडही जोडला जातो. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने धडधाकट होती, वैमानिक हजर होते; प्रवाशांच्या याद्या तेवढ्या उघडत नव्हत्या. भारतातल्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहिले. नाव, आसन, तारीख, सगळे निळ्या शाईत. त्यांची छायाचित्रे तेव्हा फोनाफोनी फिरली. माझ्याकडेही एक आले होते. मी ते पुसलेले नाही.