शिंपी, कैदी आणि रहीमचाचा

परवा मानकोली नाक्यावर चहाला थांबलो होतो. गोदामात माल उतरवून दोन पोरं बाकड्यावर टेकली होती, एक आझमगडचा, दुसरा बीडकडचा. शेजारी बसलेले एक काका मला म्हणाले, "बाहेरचे लई वाढलेत आपल्याकडं." पोरांनी मान खाली घातली. मला हंगल आठवले.

अवतार किशन हंगल म्हणजे 'शोले'तले आंधळे इमामसाहेब, आपले रहीमचाचा. जन्म १९१४ चा, सियालकोटचा. घराणं काश्मिरी पंडितांचं, बालपण पेशावरात गेलं. पोटासाठी शिंपीकाम, मनात स्वातंत्र्यलढा आणि डावा विचार. फाळणीनंतर कराचीच्या तुरुंगात होते. सुटले आणि १९४९ साली मुंबईला आले. वय पस्तीस. इथंही आधी कात्री आणि टेपच हातात घेतली. संध्याकाळी मात्र 'इप्टा'च्या तालमी. बलराज साहनी, कैफी आझमी यांच्यासोबत नाटकं केली.

सिनेमात आले तेव्हा पन्नाशी उलटली होती. 'तीसरी कसम' १९६६ चा. हिरो व्हायचं वय कधीच गेलेलं, म्हणून वाट्याला आले बाप, मास्तर, नोकर, 'नमक हराम'मधला कामगार पुढारी. शिंप्याला माणसाचं माप घ्यायची सवय असते. त्यांच्या छोट्या भूमिकासुद्धा अंगावर बेतल्यासारख्या बसायच्या, त्या यामुळेच, असं मला वाटतं.

'शोले' आला १९७५ ला. भिवंडीची १९७० ची दंगल होऊन पाचच वर्षं झाली होती. पडद्यावर इमामच्या तरुण पोराचं, म्हणजे आपल्या सचिन पिळगावकरचं, प्रेत गावात येतं. गाव घाबरतं, जय-वीरूला हाकला म्हणतं. पोर गमावलेला म्हातारा एकटा गावाच्या इज्जतीसाठी उभा राहतो. हा इमाम एका काश्मिरी पंडितानं, निर्वासितानं उभा केला होता.

त्याच माणसावर १९९३ साली बहिष्कार आला. जन्मगाव बघायला व्हिसा हवा होता, त्यातून ते मुंबईतल्या पाकिस्तानी वकिलातीच्या कार्यक्रमाला गेले. बाळासाहेब ठाकरेंनी बहिष्काराची हाक दिली आणि जवळपास दोन वर्षं कामं बंद पडली. वय ऐंशीच्या घरात. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या माणसाला देशप्रेमाचा दाखला मागितला गेला.

ते मुंबई सोडून गेले नाहीत. पुढं २००१ च्या 'लगान'मध्ये दिसले, २००६ ला पद्मभूषण मिळालं. २०१२ मध्ये, अगदी शेवटच्या वर्षात, व्हीलचेअरवर बसून मालिकेत काम केलं. त्याच वर्षी २६ ऑगस्टला मुंबईतच गेले. म्हातारपणी औषधपाण्याला पैसे कमी पडले, तेव्हा लोकांनी मदत केली.

नाक्यावर मी काकांना एवढंच विचारलं, तुमचं घराणं मूळचं कुठलं? म्हणाले, आजोबा जुन्नरकडून आले, मागावर कामाला. मग स्वतःच हसले आणि पोरांचाही चहा सांगितला.

तुमच्या घरातलं पहिलं माणूस भिवंडीत कुठून आलं, काय काम करायला आलं? खाली लिहा. वाचायला आवडेल.