रोमचे शिक्षण आणि लॅटिन अमेरिकेचा अनुबोधपट

मुसोलिनीच्या राजवटीने १९३५ साली रोममध्ये स्थापिलेली चेंत्रो स्पेरिमेंताले ही चित्रपटशिक्षणसंस्था युद्धोत्तर काळात दारिद्र्याचे चित्रण शिकू पाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचे आकर्षण ठरावी, हा विरोधाभासच होय. शेजारच्या चिनेचित्ता चित्रनगरीत युद्धानंतर निर्वासितांची छावणी होती. कॅमेरा रस्त्यावर आला तो बव्हंशी निरुपायाने, त्याचे तत्त्व मागाहून झाले. अर्जेंटिनाच्या फेर्नांदो बिर्री यांनी हीच शिदोरी मायदेशी नेली. सांता फे येथे १९५६ साली शाळा काढून त्यांनी विद्यार्थ्यांसह 'तिरे दिए' (१९६०) हा अनुबोधपट सिद्ध केला. पुलावरून जाणाऱ्या आगगाडीच्या कडेने नाण्यांसाठी धावणारी मुले हा त्याचा विषय. क्यूबाचे आलेआ व गार्सिया एस्पिनोसा हेही रोमचेच विद्यार्थी. कोळसा पाडणाऱ्या मजुरांवरील त्यांचा 'एल मेगानो' (१९५५) मात्र बतिस्ताच्या पोलिसांनी जप्त केला.