घोड्याची किंमत आणि घोड्याचा खर्च

माझ्या नातवानें कुत्र्याच्या पिलाचा हट्ट धरला. पिलू फुकट मिळतें, असेंही तो म्हणाला. मीं त्याला इतिहासांतील एक गोष्ट सांगितली. तीच आज आपणांस सांगतों.

शिवछत्रपतींच्या पागेंत बारगिराचा घोडा सरकारचा असे. सभासदाच्या बखरींत नोंद आहे कीं, २५ घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. घोडा घेतला म्हणजे खर्च संपला, असा तो हिशेब नव्हता. पाणी आणि नाल यांचीही तरतूद आधींच होई. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा बाळगी. त्याचा भार त्यालाच वाहावा लागे.

सन १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनीं चिपळूण भागांतील छावणीस पत्र धाडलें. त्याचा आशय असा : दाणावैरण आतांच उधळाल, तर भर पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं मरूं लागतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्ही रयतेचा दाणा, भाकर, गवत, लांकूडफांटा उचलाल, व ती गांव सोडून जाईल. दिव्याची जळती वात उंदरानें नेली, तर गवत पेटेल, इथवर त्यांनीं बजावलें होतें.

तात्पर्य, मुक्या जनावराचा खर्च धन्यानें आधीं मांडला नाहीं, म्हणून तो टळत नाहीं. तो जनावराच्या पोटावर नाहीं तर शेजाऱ्याच्या माथीं बसतो.

नातवानें वहींत दूध, लस, औषध व सुटींतील राखण मांडली आहे. पिलू अद्याप आलेलें नाहीं. बेरीज मात्र चालू आहे.