जेवणावळीतली हजेरी

लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये बॅरिस्टर होण्यास केवळ परीक्षा पुरत नसे, १२ टर्म ‘भराव्या’ लागत. १८८८ साली ‘इनर टेंपल’मध्ये दाखल झालेल्या मोहनदास गांधींनी आत्मचरित्रात याचा अर्थ सांगितला आहे : दर टर्ममधील सुमारे २४ जेवणांपैकी किमान ६ जेवणांना हजर राहणे. घास घेतलाच पाहिजे, असेही नव्हते. वेळेवर यावे, पंगत उठेपर्यंत बसावे, एवढेच. चौघांमागे मद्याच्या दोन बाटल्या मिळत; साहजिकच न पिणारे गांधी प्रत्येक चौकडीला हवेसे वाटत!

प्रथा मुळात निरर्थक नव्हती. पूर्वी विद्यार्थी ज्येष्ठ वकिलांच्या सहवासात तेथेच राहत, त्यांची व्याख्याने ऐकत, अभिरूप खटले लढवत. १७व्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धानंतर हे अध्यापन लयाला गेले. पंगत मात्र टिकली, आणि तिच्यातली मोजदादही.

स्वतंत्र भारतात ताटांऐवजी तास मोजले जाऊ लागले. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनी विधी अभ्यासक्रमाच्या प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती सक्तीची केली. २०१६मध्ये, हजेरी अपुरी ठरल्याने परीक्षेस मुकलेल्या एका विद्यार्थ्याने जीवन संपवले. प्रकरण न्यायालयात गेले आणि तेथे नऊ वर्षे रेंगाळले. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला : केवळ अपुऱ्या हजेरीपायी विधी शाखेच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखता येणार नाही. शिवाय अभिरूप न्यायालये, चर्चासत्रे आणि प्रत्यक्ष सुनावण्यांना लावलेली उपस्थितीही हजेरीत धरण्याचा विचार बार कौन्सिलने करावा, असेही सांगितले.