हरकाऱ्याची वाट

दिल्लीहून पूर्वेस यमुना ओलांडली की दोआबाची सपाट, गाळाची भूमी लागते. या भूमीत, हिंडन नदीच्या काठी, १७४० साली वजीर गाजीउद्दीन याने गाजीउद्दीननगर वसविले आणि तेथे १२० खोल्यांची सराई बांधविली. पुढे आगगाडी आल्यावर त्या नावाचे आटोपशीर 'गाझियाबाद' झाले. आज तेथे कारखाने आणि उंच इमारती आहेत. परंतु अठराव्या शतकात या मुलखातून जाणाऱ्या वाटांवर मराठी राज्याचे एक मोठे भवितव्य अवलंबून होते, आणि ते पेलणारे होते पायी धावणारे निरोपे.

त्यांना कोणी हरकारा म्हणत, कोणी कासीद. पेशव्यांच्या दप्तरात 'जासूद' हा शब्द वारंवार येतो, आणि तोही बहुधा 'जासूद जोडी' असा. एकाला ज्वर आला, एकाचा पाय मुरगळला, तरी दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, हा जोडीचा उघड लाभ होता.

ही पायडाक मात्र मराठ्यांहून कितीतरी जुनी. १३३३ साली हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने महंमद तुघलकाच्या डाकेचे वर्णन केले आहे. मैलाच्या तिसऱ्या हिश्श्यावर एकेक चौकी असे. तेथे कंबर कसून बसलेल्या माणसापाशी दोन हात लांबीची काठी असे आणि तिच्या टोकास तांब्याच्या घंटा असत. एका हाती पत्र, दुसऱ्या हाती काठी घेऊन तो धावत सुटे. घंटांचा नाद ऐकताच पुढच्या चौकीवरचा गडी सज्ज होई. ही पायडाक घोडेस्वारांच्या डाकेहूनही वेगवान होती, असे तो लिहितो. सुलतानासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरील दौलताबादेपर्यंत याच रीतीने जात असे. उत्तरेची नदी आणि दक्षिणेचा किल्ला यांना जोडणारा धागा माणसांच्या पायांचा होता.

या धावणाऱ्याचे साहित्य ते किती? एक काठी, एक थैली आणि पायांत असलाच तर एखादा जोडा. त्यांत प्रत्येक वस्तूचे एक मर्म होते. बाभळीच्या सालीने कमावलेले चामडे पाण्यात भिजले की फुगते व मऊ पडते. उन्हात वाळले की आखडून टणक होते आणि टाचेस चावते. नदीनाले उतरत जाणाऱ्यास असा जोडा सोबती न राहता वैरी होतो. अनवाणी पायाचे तसे नाही. त्याची कातडी वापराने झिजण्याऐवजी जाड होते; आणि ती जाड झाली तरी जमिनीचा स्पर्श ओळखण्याची तिची शक्ती उणावत नाही, असे २०१९ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. उलट, डोंगरवाटांवर दूरवर धावणाऱ्या आजच्या खेळाडूंचे फेसाळ तळाचे बूट साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटरांत दबून निकामी होतात, असा अनुभव सांगतात. खरी नाजूक वस्तू होती ती थैलीतील कागद. काजळीची शाई पाण्याने पसरते; म्हणून धावणाऱ्यास स्वतःच्या अंगाहून पत्राची काळजी अधिक घ्यावी लागे.

पण काठी मोडली तर दुसरी तोडता येते, जोडा फाटला तर टाकता येतो. वाट तुटली तर काय करावे? १७६० च्या हिवाळ्यात नेमके हेच घडले. २५ ऑक्टोबरच्या सुमारास अहमदशहा अब्दालीने बागपतपाशी यमुना ओलांडली आणि तो दिल्ली व सदाशिवरावभाऊंची छावणी यांच्या मध्ये येऊन बसला. दोआबात शत्रूची रसद तोडण्याचे काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होते. डिसेंबरात गाझियाबादजवळच्या जलालाबादेस त्यांच्यावर अचानक छापा पडला आणि ते मारले गेले. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून भाऊंकडे खजिना घेऊन निघालेले स्वार अंधारात वाट चुकले आणि थेट अफगाणांच्या छावणीत शिरले. जेथे घोडेस्वारांची ही गत, तेथे एकाकी जासुदाने काय करावे? भाऊंचा दक्षिणेशी असलेला पत्रव्यवहार क्षीण होत गेला. पेशवे नानासाहेब फौजेसह उत्तरेकडे निघाले होते. पण पुत्राचे, अर्थात चुलतभावाच्या छावणीतील आपल्या विश्वासरावाचे, काय चालले आहे हे त्यांना वेळेवर कळेना.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सारे संपले. ती वार्ता पेशव्यांना त्यांच्या स्वतःच्या डाकेने प्रथम कळली नाही. ग्रँट डफ याने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे, की सावकारांचा एक कासीद पानिपताहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पत्र घेऊन चालला होता. नऊ दिवसांत पोहोचण्याचा त्याचा करार होता. वाटेत त्याची व पेशव्यांच्या छावणीची गाठ पडली. पत्र फोडले, तो आत व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेत दोन मोती गळाल्याचा आणि सत्तावीस मोहरा हरवल्याचा हिशेब होता. रुपे आणि तांबे यांची तर गणतीच नव्हती. ते दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, हे नानासाहेबांना उमगले. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

पानिपत ते औरंगाबाद हे अंतर अकराशे किलोमीटरांहून अधिक. नऊ दिवसांत ते तोडायचे तर दररोज सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास मजल पडते. आजचा उत्तम बूटही एवढ्या एकाच प्रवासात कामास आला असता! सावकारांना हा करार करता आला, कारण त्यांच्या पेढ्या वाटेवर ठायी ठायी होत्या आणि त्यांचा माणूस कोणत्याच सैन्याचा नव्हता. राज्याच्या जासुदापाशी पाय तसेच होते, निष्ठाही उणी नव्हती. उणी होती ती पाठीशी उभी राहणारी चौक्यांची साखळी.

१९३७ साली हिंदुस्थान सरकारने दोन आण्यांच्या तिकिटावर डाकेच्या हरकाऱ्याचे चित्र छापले. तिकिटावर तो एकटा धावताना दिसतो. खऱ्या वाटेवर मात्र त्याच्या पुढे कोणीतरी कान देऊन बसलेला असावा लागे. गाझियाबादच्या परिसरात १७६० च्या त्या हिवाळ्यात असा ऐकणारा उरला नव्हता, आणि त्याची किंमत पुण्यास मोजावी लागली.