मागच्या खोलीतला आवाज

गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच चर्चा चालू आहे. मागच्या खोलीसाठी गाणी ऐकायचं यंत्र कुठलं घ्यायचं? खोली म्हणजे दहा बाय नऊ. एक खिडकी, शिवणाचं मशीन, पुस्तकांचं कपाट आणि माझी आरामखुर्ची. बाहेर टीव्हीपुढे यजमान बसतात. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा, आणि म्हणून मी इकडे पळून येते. लेक म्हणते, "चांगलं मोठं घे, पैशांकडे बघू नकोस." नातू म्हणतो, "आजी, बोललं की चालू होतं ते घे." मी पडले इतिहासाची मास्तरीण. म्हटलं, आधी जरा मागे जाऊन बघू.

साताऱ्याला आमच्या घरी रेडिओ आला 1961 साली. त्याआधी, 1955-56 मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण लागायचं, तेव्हा आई मला कडेवर घेऊन शेजारच्यांच्या ओसरीत उभी राहायची म्हणे. मला आठवत नाही, मी पाच वर्षांची होते. आमचा रेडिओ व्हॉल्व्हचा, लाकडी, चांगला हातभर लांब. भिंतीवर जाळीच्या पट्टीची एरियल. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही. आत व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत बसायचे. पोस्टात जाऊन दरवर्षी लायसन्सचे पैसे भरायचे, ते काम वडिलांचं. बटणाला हात लावायचा, तोही वडिलांनीच. आम्ही मुलांनी लावला तर धपाटा मिळे. आईने लावल्याचं मी कधी पाहिलंच नाही.

रेडिओ एवढा मोठा का असायचा? व्हॉल्व्हना जागा लागते, त्यांच्या उष्णतेला वाट लागते, हे एक कारण. दुसरं स्पीकरचं. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे हवा ओढतो, आणि मागचा आवाज वळसा घालून पुढे आला की खालचे सूर खाऊन टाकतो. त्याला अडवायचं तर मोठी फळी तरी पाहिजे किंवा मोठी पेटी. आमच्या रेडिओची मागची बाजू भोकांच्या पुठ्ठ्याची होती, त्यामुळे तबल्याचा डग्गा डब्यावर थाप मारल्यासारखा यायचा. पण तेव्हा कोणाला तक्रार होती!

या अडचणीवर तोड काढली ती अमेरिकेत एका शिक्षकाने, हे वाचून मला फार बरं वाटलं. एडगर व्हिल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीविषयी शिकवत. त्यांनी पेटी चहूबाजूंनी घट्ट बंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. मग कपाटाएवढी पेटी लागेना, पुस्तकांच्या फळीवर मावणारा स्पीकर खर्जाचे सूर स्वच्छ देऊ लागला. 1954 साली हा स्पीकर करायला ज्याने जागा आणि साथ दिली, तो हेन्री क्लॉस त्यांच्याच संध्याकाळच्या वर्गातला विद्यार्थी. या विद्यार्थ्याने पुढे 1960 मध्ये टेबलावर मावणारा, आवाजाला खरोखर चांगला असा एफएम रेडिओ आणला, आणि सत्तरी ओलांडल्यावर, 2000 साली, पुन्हा तसाच साधा लाकडी रेडिओ आणला. एकच स्पीकर आणि फिरवायची मोजकी बटणं. (1960 चा तो रेडिओ आपल्याकडे मुकाच राहिला असता. आपल्याकडे एफएम आलं 1977 साली, तेही आधी मद्रासला.)

तोवर दुसऱ्या बाजूने पेटी लहान होत होतीच. बेल प्रयोगशाळेत 1947 च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर तयार झाला, 1954 मध्ये खिशात मावणारा रेडिओ दुकानात आला. त्याचा आवाज किरटा, पण त्याला ना भिंतीतली वायर लागे, ना दिवाणखाना. माझ्या मते घरातल्या माणसांच्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट. रेडिओ पुढच्या खोलीतून उठून चालू लागला.

आमच्याकडे तो 1971 मध्ये आला. थोरल्या भावाने पहिल्या पगारातून आणला, युद्धाच्या बातम्यांसाठी. युद्ध संपलं आणि तो आपोआप स्वयंपाकघरात गेला, ज्वारीच्या डब्यावर. आईने त्याला क्रोशाचं झाकण विणलं. पहिले काही दिवस ती वडिलांना विचारून लावायची. "लावू का हो?" ते म्हणायचे, "तुझाच आहे की." तरी विचारायची.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच कळली. आई गाणी गुणगुणायची ती नेहमी मधूनच. दुसरं कडवं, तिसरं कडवं. मला वाटे, तिला तीच आवडत असतील. डब्यावर ट्रान्झिस्टर आल्यावर एकदा विविध भारतीवर एक जुनं गाणं लागलं आणि ती पोळी लाटता लाटता थांबून म्हणाली, "अगं, हे असं सुरू होतं होय!" दहा वर्षं ती हात धुऊन, पदराला पुसत दारापर्यंत येईतो गाण्याची सुरुवात होऊन गेलेली असायची. आणि 1967 मध्ये माझ्या मॅट्रिकच्या वर्षी तर मीच रात्रीचा रेडिओ बंद करायला लावला होता. ती एक शब्द बोलली नाही. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, आता लिहिते आहे.

असो. पुढचं झटपट सांगते. फिलिप्सची कॅसेट 1963 ची, पण आमच्या सासरी टू-इन-वन पोचला तो 1980 नंतर, दिरांबरोबर दुबईहून. मग सीडी. आणि मग अमर बोस. वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक, मुलगा लहानपणी घराला हातभार म्हणून रेडिओ दुरुस्त करणारा, पुढे एमआयटीत प्राध्यापक. (हेही शिक्षक! आणि क्लॉससारखाच यांचाही जन्म 1929 चा.) त्यांच्या कंपनीने लांब नळी घड्या घालून पेटीत बसवली. बासरीत जशी हवेची पट्टी घुमते, तसा लहान स्पीकरचा खालचा सूर त्या नळीत भरतो. 1984 मध्ये एक संच आला आणि 1993 मध्ये उशाशी ठेवण्याजोगा छोटा रेडिओ.

तर एवढं सगळं वाचून मी ठरवलं ते असं. दहा बाय नऊच्या खोलीला मोठं यंत्र नको. लहान खोलीत खर्ज आपोआप फुगतो. भिंतीला खेटून ठेवलं की आणखी, कोपऱ्यात सारलं की त्याहून जास्त, आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. आमच्या वयाला वरचे सूर आधीच कमी ऐकू येतात, मग शब्द कुठून कळणार? म्हणून लहान लाकडी पेटी, भिंतीपासून वीतभर पुढे, खुर्चीत बसल्यावर कानाच्या उंचीला येईल अशी. कपाटाच्या आत नाही. दोन स्पीकर लांब लांब मांडण्याइतकी जागाच नाही, तेव्हा एकच पुरे. आणि फिरवायचं खरंखुरं बटण हवं. बोलून चालू होणारं नको. मला कोणाला विचारून रेडिओ लावायचा नाही, यंत्रालाही नाही.

नातू जरा हिरमुसला. पण ब्लूटूथ जोडून त्यानेच दिलं आणि कसं जोडायचं ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कपाटाला चिकटवलं. आईचं क्रोशाचं झाकण ट्रंकेत सापडलं, ते मात्र याला लहान पडतं. काल दुपारी पहिलं गाणं लावलं, बसले, आणि बाहेरून हाक आली, "अगं, चहा?"

उठले. दार मात्र उघडं ठेवलं होतं.